बंगला देणे, टाकी घेणे

बदरोद्दीनला समुद्रकाठचा बंगला बक्षीस लागला त्या दिवशी तो तोंड पाडून घरी आला. मी माझ्या टायपिंग क्लासच्या दारात उभा होतो. मला वाटलं, कुणी गेलं की काय. विचारलं तर ओट्यावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "पयलं लागलं, सर."

"मग पेढे आणायचे सोडून रडतोस काय?"

"तिसरं पायजे होतं," तो म्हणाला.

बदरोद्दीन म्हणजे अंबडच्या आमच्या गल्लीतला गादीवाला. जुनी गादी उसवायची, कापूस पिंजायचा, उन्हात टाकायचा, पुन्हा भरून टाके घालायचे, हा त्याचा धंदा. त्याने केलेली गादी दर दोन वर्षांनी त्याच्याकडेच परत येते आणि ती आलीच पाहिजे असं त्याचं ठाम मत आहे. फोमच्या गादीचं नाव काढलं की तो थुंकत नाही, पण तोंड थुंकल्यासारखं करतो. "ज्या चिजेला हातच लावायला लागत न्हाई, ती आपली कशी म्हनायची?" असं त्याने मला अनेकदा विचारलेलं आहे. माझी पाठ फोमवर बरी राहते, म्हणून मी उत्तर देत नाही.

बक्षिसाचं असं झालं. जालन्याच्या एका घरगुती सामानाच्या दुकानाने सोडत काढली होती. बदरोद्दीनच्या बायकोने, अजीजुन्निसाभाभींनी, तिथून मिक्सर घेतला आणि त्यावर कूपन मिळालं. पहिलं बक्षीस बंगला, कारण दुकानदाराच्या मेव्हण्याने कोकणात गुहागरकडे बंगल्यांची एक रांग बांधली होती आणि तिच्यातला शेवटचा कुणी घेत नव्हतं. दुसरं स्कूटर. तिसरं पाच हजार लिटरची पाण्याची टाकी, मोटार आणि पाइपासकट. सगळी गल्ली बंगल्याची आणि स्कूटरची स्वप्नं पाहत होती. हे दोघं नवराबायको तेवढे टाकीवर डोळा ठेवून होते.

आता त्याचं कारण सांगितलं पाहिजे. आमच्या गल्लीत नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. पहाटे येईल, भरदुपारी येईल, ते त्या नळालाच ठाऊक. आलं की घरात माणूस पाहिजे. माणूस नसला तर पुढची पाळी येईपर्यंत शेजाऱ्यांच्या दारात कळशी घेऊन उभं राहायचं, आणि अजीजुन्निसाभाभी मेल्या तरी ते करणार नाहीत. बदरोद्दीन दिवसभर गाद्या भरत गावोगाव फिरतो. म्हणून बाईंनी घर सोडायचंच सोडून दिलं. त्यांची धाकटी बहीण पिंपळगाव रेणुकाईला दिली आहे. जिल्ह्याच्या ह्या टोकाहून त्या टोकाला एसटीने जायचं म्हणजे जाण्यातच दिवस मोडतो, मुक्काम केल्याशिवाय गत नाही. पण त्या बहिणीच्या घरी ह्यांनी एकदाही रात्र काढलेली नाही. खुद्द तिच्या लग्नात, ताट वाढलेलं असताना, गल्लीतून कुणीतरी फोन केला की पाणी येणार म्हणतात, आणि ह्या ओल्या मेहंदीच्या हातांनी उठून बस गाठायला निघाल्या. नवरीला निरोप द्यायला थांबल्या नाहीत. पाणी त्या दिवशी आलंच नाही. हे त्या हसत सांगतात आणि सांगताना दुसरीकडे बघतात.

टाकी आली असती तर दोन पाळ्यांची बेगमी झाली असती आणि बाईंना बहिणीकडे जाता आलं असतं. बदरोद्दीनच्या डोक्यात एवढंच होतं. त्याने सोडतीच्या आधीच घराचं न्हाणीघर पाडून तिथे टाकीसाठी चौथरा बांधला. पक्का, गिलावा केलेला. आंघोळ ताडपत्रीच्या आड सुरू झाली. मी त्याला म्हणालो, अरे, ही सोडत आहे, मनिऑर्डर नव्हे.

"सर," तो म्हणाला, "मी पयला येईन असं म्हनून राह्यलो का? ती लालच झाली असती. इतक्या लोकांत मानूस तिसरा बी येऊ शकत न्हाई का?"

तिसरा नंबर मागणाऱ्या माणसाशी वाद कसा घालतात, हे मला शिकवलेलं नाही.

तर टाकी गेली तीर्थपुरीच्या तातेराव नावाच्या मोसंबीवाल्याला, ज्याची विहीर उन्हाळ्यातही काठोकाठ असते, आणि आमच्या माणसाच्या गळ्यात बंगला पडला. गल्लीतली पोरं रिकाम्या चौथऱ्यावर बसून बुद्धिबळ खेळायला लागली.

माझ्या बायकोने, बेबीनंदाने, सरळ तोडगा काढला. "बंगला विका आणि शंभर टाक्या घ्या. यात डोकं धरून बसण्यासारखं काय आहे?" तिचं म्हणणं नेहमीप्रमाणे बरोबर होतं, म्हणून मी दुकानदाराने दिलेल्या माहितीवरून क्लासच्या कॉम्प्युटरवर जाहिरात टाइप केली: विकणे आहे. समुद्रकाठी नवा बंगला. भिंतींना रंगाची, खिडक्यांना तेलाची, अंगणाला झाडूची गरज नाही. मागे छोटा पोहण्याचा तलाव. देखभाल जवळजवळ शून्य.

बदरोद्दीनने ती दोनदा वाचली. "सर, ही तर बदनामी झाली. काहीच करायला लागत न्हाई म्हनल्यावर कोन घेईल?"

"त्यासाठीच घेतात," मी म्हणालो. त्याला ते माझंच काहीतरी शहरी खूळ वाटलं.

गिऱ्हाइकांना बंगला दाखवायला मालक हजर हवा, असा तिथल्या एजंटचा निरोप आला. भाभींना यायचं होतं. पण पाण्याची पाळी तोंडावर आली होती. मग बदरोद्दीन आणि मी निघालो. मला नेलं, कारण जाहिरात माझी होती.

बंगला पाहून मी तर चाट पडलो. पांढरा, गुळगुळीत, कुठे एक खिळा सैल नाही. अंगणात मातीच नव्हती, सगळ्या फरश्या. बदरोद्दीन सगळीकडे हात फिरवत गेला. कडी ओढून पाहिली, ती घट्ट होती. दार हलवून पाहिलं, ते कुरकुरलं नाही. शेवटी पलंगावर बसला, तर खाली फोम. तो खाली फरशीवर येऊन बसला.

मग आम्ही समुद्र पाहायला गेलो. दोघांनीही पहिल्यांदाच पाहिला. मी नकळत चपला काढल्या. बदरोद्दीन कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "येवढं पानी, आन् झाकन न्हाई."

परत आलो तेव्हा भाभींचा फोन. त्यांनी बंगला केवढा, खोल्या किती, काही विचारलं नाही. "पानी आता है क्या?"

"चोवीस तास आता है," बदरोद्दीन म्हणाला.

भाभींना ते पटलं नाही. "चोवीस घंटे कधी कुठं पाणी येतं का? आत्ता आहे तर भरून घ्या."

आणि आम्ही भरायला लागलो. आम्ही म्हणतो, कारण मीही भरत होतो. नळाला धार दिसली आणि शेजारी भांडं रिकामं असलं की आमच्याकडच्या माणसाचा हात आपोआप चालतो, त्यात शिक्षणाचा काही संबंध नाही. आधी स्वयंपाकघरातली पातेली भरली. मग बेसिनला बूच लावून ते भरलं. न्हाणीत गोऱ्या लोकांचा असतो तसा लांबलचक टब होता, तो घासून पुसून भरला, वर धुतलेली चादर बांधली आणि चादरीवर ओगराळं ठेवलं. तलाव आधीच भरलेला होता. बदरोद्दीनने त्यात तुरटी फिरवली आणि खिडक्यांचे पडदे काढून त्यावर पसरले. रात्री आम्ही समाधानाने झोपलो, फरशीवर.

दुसऱ्या दिवशी पुण्याचं एक जोडपं बंगला पाहायला आलं. त्यांचं लेकरू धावत मागे गेलं आणि पडदा सारून तलावात उडी मारतं झालं. बदरोद्दीन असा ओरडला की रांगेतल्या सगळ्या बंगल्यांच्या खिडक्या उघडल्या. "आरं, प्यायचं पानी हाय त्ये!"

त्या बाईने पोराला बाहेर ओढलं आणि विचारलं, "इथे पाण्याचा त्रास आहे का?"

बदरोद्दीन खोटं बोलत नाही. "अजून तरी न्हाई," तो म्हणाला.

जोडपं गेलं. दुपारी एक डॉक्टर आले, सोबत त्यांची बायको. एजंटने त्यांना आधीच पढवून ठेवलं होतं की पाणी मुबलक आहे. डॉक्टरीणबाईंनी टबावरची चादर उचलून पाहिली. "पाणी चोवीस तास येतं ना? मग हे भरून का ठेवलंय?"

"येतं म्हनून तर भरलं," बदरोद्दीन म्हणाला. "न आल्यावर कशानं भरनार, बाई?"

ह्यावर डॉक्टर विचारात पडले. विचारात पडलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे मला तेव्हा कळलं. पण खरी गंमत पुढे झाली. रांगेतले बाकीचे बंगलेवाले, मुंबईहून निवृत्त होऊन आलेले सभ्य लोक, एकमेकांना विचारायला लागले की त्या शेवटच्या बंगल्यात पाणी का भरून ठेवतायत? त्यांना काही आतली बातमी आहे का? संध्याकाळी एका साहेबांनी दोन पिंपं आणली. ती पाहून समोरच्यांनी चार आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या रांगेने एकदम नळ सोडले आणि त्या बंगल्यांच्या जन्मात पहिल्यांदाच पाणी गेलं.

बदरोद्दीनने माझ्याकडे पाहिलं. मग ओगराळं घेऊन रांगेतल्या प्रत्येकाला टबातलं पाणी वाटून आला. मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी त्याचा गळा दाबावासा वाटला.

एजंटने आम्हाला हात जोडले. म्हणाला, मालक, तुम्ही हयात असेपर्यंत ह्या गावात बंगला विकला जाणार नाही, कृपा करून घरी जा.

आलो घरी. चौथऱ्यावर पोरांचा डाव रंगलेला. भाभी ताडपत्रीशी कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी विचारलं, "समुद्र कसा आहे?" बदरोद्दीनने हाताने दाखवायचा प्रयत्न केला, मग हात खाली सोडला. त्याच रात्री बहिणीचा फोन आला, की पुढच्या महिन्यात मुलीचं बारसं आहे, आपा, या वेळेला तरी ये. भाभी म्हणाल्या, बघते. बघते म्हणजे काय ते पिंपळगावलाही माहीत होतं.

सकाळी बदरोद्दीन क्लासात आला. "सर, चला तीर्थपुरीला. बंगला देऊन टाकी घेऊ."

मी त्याला अर्धा तास शिव्या दिल्या. मग चप्पल घातली.

तातेरावच्या वाड्यावर नव्हे, शेतातल्या पत्र्याच्या घरापुढे ती टाकी होती. काळी, टोलेजंग. त्याने तिच्यात तूर भरून ठेवली होती. आमचं म्हणणं ऐकून तातेराव आधी पोट धरून हसला. मग हसता हसता थांबला. उठून टाकीभोवती फिरला. बोटांनी ठोकून पाहिली. झाकण उघडून आत डोकं घातलं आणि आतूनच त्याचा आवाज घुमला, "पाव्हणं, खरं सांगा. हिच्यात काय हाय?"

"तूर हाय. तुमचीच," बदरोद्दीन म्हणाला.

तातेरावने डोकं बाहेर काढलं. "न्हाई, न्हाई. समुद्राकाठचा बंगला देऊन मानूस पाण्याची टाकी मागून राह्यला, म्हंजे टाकी साधी नसनार. मी काय येडा हाव का? ही टाकी मी न्हाई देत."

मी कपाळाला हात लावला. शहाण्या माणसाला फसवणं सोपं असतं, संशयी माणसाला फायदा करून देणं महाकठीण. बदरोद्दीनने त्याला सगळं सांगितलं. नळ, बहीण, चौथरा. तातेराव ऐकत होता, मान हलवत होता, पण मध्येच टाकीकडे बघून डोळे बारीक करत होता. शेवटी म्हणाला, "बरं. बंगला आन् वर दोन गाद्या."

"दोन न्हाई," बदरोद्दीन ताडकन म्हणाला. "एक."

"अरे बाबा," मी त्याच्या कानात म्हणालो, "आख्खा बंगला दिलास आणि गादीवर अडलास?"

"बंगल्याला काय करावं लागतं, सर? काहीच न्हाई. गादी भरायला माझा दिवस जातो."

घासाघीस दुपारपर्यंत चालली. बंगल्याबद्दल तातेरावने एक प्रश्न विचारला नाही. कापूस कुठला, खोळ कसली, टाके किती अंतरावर, हे मात्र खोदून खोदून विचारलं. शेवटी ठरलं की बंगला, एक गादी, आणि ती गादी दर दोन वर्षांनी फुकट पिंजून द्यायची, जन्मभर. दोघांनी हात मिळवले. दोघांचेही चेहरे आपण फसलो असे होते, म्हणजे व्यवहार चांगला झाला. पुढचे कागद वकिलांनी केले. ते वाचताना वकिलाने चष्मा दोनदा पुसला एवढंच मी सांगू शकतो.

टाकी तातेरावच्या ट्रॅक्टरमधून आली. गल्ली लोटली होती. ती चौथऱ्यावर अशी बसली की जणू मापानंच केलेली. भाभींनी आत उतरून ती तीन वेळा धुतली, तरी पहिलं पाणी तुरीच्या वरणासारखंच लागलं. पुढच्या पाळीला टाकी काठापर्यंत भरली. बदरोद्दीनने झाकण लावलं आणि बायकोकडे पाहिलं. आता बारसं.

भाभींनी ओट्यावर पाट मांडला आणि टाकीसमोर बसल्या. त्या दिवशी बसल्या, दुसऱ्या दिवशी बसल्या, बारसं तोंडावर आलं तरी बसल्या.

"एवढं पानी घरात टाकून जाऊ कशी?" त्या म्हणाल्या. "कुणी तोटी उघडी टाकली तर? पाल पडली तर?"

म्हणजे पाणी नव्हतं तेव्हा ते येईल म्हणून घर सुटत नव्हतं, आता आहे म्हणून सुटत नव्हतं. बदरोद्दीन माझ्या क्लासात येऊन बसला. पोरं टायपिंग करत होती, त्या खडखडाटात तो म्हणाला, "सर, बंगला गेला. गादी गेली. आन् ही तिथंच बसून राह्यली." त्याचे डोळे भरले होते. मला एवढं वाईट वाटलं की मला रागच आला, माझं तसंच होतं. मी तडक उठून भाभींच्या पुढे जाऊन उभा राहिलो.

"भाभी, तुम्ही जा. टाकीपाशी मी बसतो."

"क्लास?"

"क्लास इथून दिसतो."

"झाकन?"

"झाकणावर विटा ठेवतो. आणखी काय, मी स्वतः वर जाऊन बसू?"

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग आत जाऊन पिशवी भरायला लागल्या. ती पिशवी त्या लग्नातलीच असावी, घड्या तशाच होत्या. निघताना त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि ती दोनदा परत घेतली. तिसऱ्यांदा बदरोद्दीनने त्यांचा दंड धरून रिक्षात बसवलं आणि स्वतः गाद्यांच्या कामाला निघून गेला.

मी खुर्ची आणून टाकीसमोर बसलो. बेबीनंदा दारातून म्हणाली, "घरचं पाणी भरायला कधी बसलात नाही ते." मी ऐकलं नाही असं दाखवलं. जालन्याहून भाभींचा फोन आला, टाकी आहे का. भोकरदनहून आला, टाकी आहे का. मी म्हणालो, नाही, समुद्रावर गेली आहे. त्यांना ते आवडलं नाही.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत आरोळी उठली, "पाणी आलं, पाणी आलं!" बादल्या खडखडल्या. नेमका त्याच वेळी भाभींचा फोन चालू होता आणि ती आरोळी त्यांना पिंपळगाव रेणुकाईला जशीच्या तशी ऐकू गेली. मला डोळ्यांपुढे दिसलंच, बाई ताटावरून उठल्या, पिशवी उचलली, बस गाठायला निघाल्या.

"भाई," त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "टाकीत किती आहे?"

"अर्ध्याच्या खूप वर आहे. आत्ता मोटार लावतो, काठापर्यंत भरतो."

मागून एका तान्ह्या पोरीचं रडणं आणि बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

"मंग मी अजून दोन दिवस राहू का?"

"मला काय विचारता, भाभी? खुशाल राहा."

"तुमाला न्हाई विचारून राह्यली. टाकीला विचारते. जरा वर चढून बघा ना."

मी मोटार लावली. टायपिंगची पोरं खिडकीत गोळा झाली, बेबीनंदा पदर तोंडाला लावून उभी राहिली. पन्नाशीचा मी, धोतर नाही म्हणून बरं, चौथऱ्यावर चढलो, विटा उचलल्या, झाकण सरकवलं आणि आत पाहिलं. काळं, गार पाणी धारेबरोबर वर चढत होतं. मी फोन कानाला लावला.

"भाभी, टाकी म्हणते, राहा."